गोळी कोणाच्या हातानं? फेफरं येणाऱ्या एका कुत्र्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका गावातलं. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे मुख्यतः गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या येतात. पण गेल्या काही वर्षांत खेड्यातल्या घरांतूनही लॅब्राडोर दिसायला लागलेत आणि त्यांचे आजारही दवाखान्यात यायला लागलेत.

घर पाच माणसांचं. नऊ एकर रान, त्यात कापूस, सोयाबीन, तूर. कर्ते गृहस्थ, त्यांना इथं बळीरामभाऊ म्हणू. त्यांची पत्नी वहिनी. सत्तरी ओलांडलेली आई, जिला सगळं गावच आजी म्हणतं. मोठा मुलगा लातूरला नीटची तयारी करतो, धाकटी मुलगी नववीत. कुत्रा राजा, जातीनं लॅब्राडोर, नर, वय तीन वर्षं, वजन २८ किलो. हौसेनं आणला मुलानं, पण तो लातूरला गेला तसा राजा आजीचा झाला. रात्री ओसरीत आजीच्या बाजेखाली झोपायचा, उन्हाळ्यात तिच्यासोबत माळवदावर. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली होती. तिचा उपचाराशी काही संबंध असेल, हे मात्र लक्षात आलं नाही.

पहिला झटका

पोळ्याच्या दोन दिवस आधी, पहाटे चारच्या सुमाराला बाजेखाली धडधड आवाज झाला. आजीनं दिवा लावला तर राजा आडवा पडलेला, मान मागं ताणलेली, चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलतायत, तोंडाला फेस, खाली लघवी झालेली. आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला. दातखीळ बसली असं वाटून बळीरामभाऊंनी तोंडात चमचा घालायचा प्रयत्न केला आणि अंगठ्यात दोन दात रुतले. रक्त आलं. गलका ऐकून शेजारी जमले. कुणी तरी म्हणालं, "पिसाळलंय." एकजण काठी घेऊन आला. मुलगी राजाच्या आडवी उभी राहिली आणि तेवढ्यात तिनं मोबाइलवर चाळीस सेकंदांचं चित्रण केलं. त्या चाळीस सेकंदांनी पुढं मला फार मदत केली.

झटका दीड-दोन मिनिटांत थांबला. त्यानंतर तासभर राजा आंधळ्यासारखा भिंतींना धडकत राहिला, मग टोपलीतल्या भाकरी हावऱ्यासारख्या खाल्ल्या आणि झोपला. आठ वाजता उठला तो नेहमीचा राजा.

साडेनऊला ते दवाखान्यात आले. वहिनींनी विचारलं, "डाक्टरसाहेब, असं कामून व्हायलंय?"

आधी अंगठा, मग कुत्रा

पहिला निर्णय कुत्र्याबद्दल नव्हताच. बळीरामभाऊंचा अंगठा नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावला आणि त्यांना तिथूनच सरकारी रुग्णालयात पाठवलं. राजाची रेबीजची लस दीड वर्षापूर्वीची, म्हणजे मुदत उलटून गेलेली. रक्त काढणारा चावा असला की लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं. कुत्रा जगतो की मरतो हे बघून मग सुई घेऊ, असं करायचं नसतं. ते म्हणत होते, "घरचंच कुत्रं हाय, अन् त्यानं मुद्दाम चावलंय का?" मुद्दाम नव्हतंच. झटक्यात जबडा आपोआप आवळतो, तेव्हा त्याला धनी कोण आणि चमचा कुठला हे कळत नाही. कुत्र्याची जीभ घशात जात नाही. तोंडात हात घालायचं काहीही कारण नसतं. हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक घरात पहिल्यांदा सांगतो.

राजाला दहा दिवस गोठ्याच्या बाजूच्या खोलीत वेगळं ठेवलं. लाळेला हात लावायचा नाही, ताट लांबून सरकवायचं. रेबीज झालेलं कुत्रं दिवसेंदिवस बिघडत जातं आणि लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांत मरतं. झटका संपून चार तासांत शेपूट हलवत भाकर मागत नाही. गावाला हे पटवणं अवघड गेलं. सरपंचांना मी स्वतः फोन केला, मुलीनं घेतलेलं चित्रण दाखवलं, अकराव्या दिवशी पुन्हा बघू असं सांगितलं. अकराव्या दिवशी राजा ठणठणीत होता. त्याच दिवशी त्याला लस दिली. तेव्हा घाईनं काठी पडली असती तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. गावाकडं अशी किती प्रकरणं अशीच संपतात, याची मला फार खंत वाटते.

दुसरी शंका विषबाधेची होती आणि ती रास्त होती. कपाशीवर फवारणी चालू होती, पंप हौदावरच धुतला जायचा. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या बाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-पाणी-जुलाब सुरूच राहतात, अंग थरथरत राहतं. चित्रणात आणि तपासणीत तसं काही नव्हतं. तरी पंप हौदावर धुणं बंद करायला लावलं.

तपासण्या

रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट बघितल्या. अंगावर गोचीड होते म्हणून एर्लिकिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जंतूची तपासणी केली. तरुण वय आणि मज्जासंस्थेची लक्षणं म्हणून डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची लस कधी दिली हेही विचारलं. ती वेळेवर दिलेली होती. दुसरं मत घ्यायला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. १९७२ पासून आमच्या भागातल्या अवघड जनावरांचा हाच आधार आहे. सगळं नॉर्मल निघालं.

एमआरआयचा विषय निघाला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: पहिला झटका सहा महिने ते सहा वर्षं या वयात, दोन झटक्यांच्या मध्ये कुत्रा पूर्ण ठीक, तपासणीत दोष नाही, रक्त ठीक, तर पुढं असेच झटके आले तरी सर्वाधिक शक्यता कारण न सापडणाऱ्या अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची असते. लॅब्राडोरमध्ये त्याचं आनुवंशिक अंगही माहीत आहे. एमआरआयसाठी पुण्या-मुंबईकडं जाऊन, भूल देऊन, मोठा खर्च करून उपचार फारसा बदलणार नव्हता. वय सात-आठ असतं, किंवा एका बाजूचे पाय कमजोर असते, तर सल्ला वेगळा दिला असता.

पर्याय, आणि माझी पहिली ढिलाई

एका झटक्यावर औषध सुरू केलं नाही. ते बरोबरच होतं. दुसरा झटका चाळीस दिवसांनी आला. २०१५ साली पशुवैद्यकीय अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं एकमतानं दिलेली शिफारस मला माहीत होती: सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके आले, किंवा २४ तासांत अनेक आले, किंवा पाच मिनिटांहून लांबला, तर उपचार सुरू करावा. पण सोयाबीनची काढणी चालू होती, बळीरामभाऊ म्हणाले, "दिवाळीपस्तोर बघू की, साहेब," आणि मी मान डोलावली.

दिवाळीत फटाक्यांच्या रात्री राजाला तीन झटके आले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीत बसून बोललो. बळीरामभाऊंचे चुलते म्हणाले, "कशाला जीवाचे हाल? एक इंजेक्शन द्या अन् सोडवा त्याला." ते क्रूरपणे बोलत नव्हते. आयुष्यभर बैल सांभाळलेला माणूस, जनावराची तडफड त्यांना बघवत नव्हती. आजीला एका देवस्थानाचा अंगारा लावायचा होता. मी म्हणालो, अंगारा लावा, त्यानं काही बिघडत नाही, पण गोळीच्या जागी अंगारा नको. मुलगी काही बोलली नाही. राजाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

औषधांचा विचार असा केला. लेव्हेटिरासिटॅम सोसायला सोपं, पण साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते. दिवसातून तीन वेळा, आणि तेही वेचणीच्या दिवसांत. पोटॅशियम ब्रोमाइड शरीरात इतकं सावकाश साठतं की पातळी स्थिरावायला अडीच-तीन महिने जातात, आणि खाण्यातलं मीठ कमीजास्त झालं की औषधाचं प्रमाण बदलतं. ज्या घरात कुत्रा चार ताटांतलं उरलंसुरलं खातो, तिथं मीठ सारखं कसं राहणार? फिनोबार्बिटोन दिवसातून दोनदा, स्वस्त, पन्नास वर्षांहून जुना अनुभव असलेलं. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. आमचं फिनोबार्बिटोनवर एकमत झालं. ३० मिलिग्रॅमच्या अडीच गोळ्या सकाळी, अडीच संध्याकाळी, म्हणजे किलोमागं साधारण पावणेतीन मिलिग्रॅम.

औषध बरोबर निवडलं होतं. आजही तेच निवडेन. ते सांगितलं कोणाला, यात चूक झाली. मी चिठ्ठीवर लिहून बळीरामभाऊंच्या हातात दिलं, तोंडी वहिनींना समजावलं. आजी तीन फुटांवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्याशी मी औषधाबद्दल एक शब्द बोललो नाही.

काय बिघडलं

कापसाची वेचणी सुरू झाली. नवरा-बायको उजाडायच्या आत रानात, मुलगी शाळेत. सकाळची गोळी आपोआप आजीच्या हातात आली. फिनोबार्बिटोनच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत कुत्रा सुस्त होतो, मागचे पाय लडखडतात, तहान-भूक वाढते, लघवी जास्त होते. सुस्ती हळूहळू कमी होते. तहान आणि भूक मात्र बरेचदा राहते. आजीला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की गोळी खाल्ली की राजा झिंगल्यासारखा चालतो, पाण्याची घागर रिकामी करतो आणि ओसरीत लघवी करतो, आणि मग सुनेची चिडचिड होते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सकाळची गोळी बंद केली. रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवायला लागल्या. त्यातच गोळ्या संपल्या. फिनोबार्बिटोन नियंत्रित औषध आहे, शिक्क्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि लहान गावातल्या मेडिकलमध्ये बरेचदा नसतंच. बळीरामभाऊ तालुक्याला यायचे ते बाजाराच्या दिवशी. मध्ये तीन दिवस गेले.

हे औषध अचानक थांबवलं की झटके उसळून येतात. चौथ्या दिवशी दुपारी राजाला एकामागून एक तीन झटके आले, मधल्या वेळात तो शुद्धीवर आलाच नाही. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून आणला तेव्हा ताप १०६.४ अंश फॅरनहाइट होता. झटका थांबवायला शिरेतून डायझेपाम, मग लेव्हेटिरासिटॅमचं इंजेक्शन, ओलं फडकं, पंखा. ताप १०३ वर आल्यावर पाणी थांबवलं, कारण त्यापुढं अंग आपसूक गार होत जातं. तास-दीड तासानं त्यानं डोळे हलवले. माझे हात त्यानंतर थरथरायला लागले, आधी नाही.

आजी पिकअपमधून उतरल्याच नव्हत्या. मी बाहेर गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाबा, लेकरू दिसभर गुंगीतच राहायलं होतं. म्या त्याचे हाल बगून सकाळची गोळी बंद केली. म्याच मारलं असतं की रे त्याला."

मी त्यांना सांगितलं, आणि ते खरंच होतं, की चूक तुमची नाही. तुम्हाला न सांगता तुमच्या हातात औषध दिलं, ते मी दिलं.

दुसरी आखणी

दोन दिवसांनी राजाला घरी सोडताना मी पुन्हा त्यांच्या ओसरीत बसलो, या वेळी आजीसमोर. आधी विचारलं: दिवसात तुम्ही कधीच न चुकवता काय करता? त्या म्हणाल्या, सकाळचा चहा आणि संध्याकाळचा दिवा. मग गोळी त्यालाच बांधली. चहा उकळायला ठेवला की अडीच, दिवेलागणीला अडीच. ज्वारीच्या भाकरीच्या मऊ तुकड्यात गोळ्या घालून गोळा करायचा आणि वर तुपाचं बोट फिरवायचं. आजीला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मुलीनं महिन्याच्या गोळ्या दोन डब्यांत वेगळ्या केल्या, झाकणावर सूर्य आणि दिवा काढला.

झटक्यांची नोंद लागणार होती. मी वहीचं म्हणालो. आजी उठल्या, देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन दिवसांपूर्वीच्या चौकोनात कुंकवाचं बोट टेकवलं. "असं चालंल का?" एका झटक्याला एक बोट. पाच मिनिटांपेक्षा लांबला तर उभा ओढलेला टिळा. इतकी नेमकी नोंद मला शिकलेल्या घरांतूनही क्वचित मिळते.

तातडीसाठी डायझेपामच्या कुप्या आणि सुई नसलेली सिरिंज घरी ठेवली. झटका पाच मिनिटांवर गेला किंवा लागोपाठ दुसरा आला, तर गुदद्वारातून द्यायचं. मात्रा कागदावर लिहिली आणि प्रत्यक्ष पाणी भरून मुलीकडून दोनदा करून घेतली. फिनोबार्बिटोनवरच्या कुत्र्याला डायझेपामची मात्रा जास्त लागते, लहान मुलांच्या मापानं भागत नाही, म्हणून अंदाजानं देऊ नये. औषध सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायचं नाही, डायझेपाम प्लॅस्टिकला चिकटतं आणि ऐन वेळी मात्रा अपुरी पडते.

मग आम्ही घर फिरलो. विहिरीला कठडा नव्हता, तिथं काट्याचं कुंपण घातलं. माळवदावर झोपणं बंद केलं. गळ्यातली साखळी काढून अंगाला बसणारा पट्टा घेतला, कारण झटक्यात साखळीचा फास बसतो. पाण्याचं भांडं चोवीस तास भरलेलं, आणि लघवीसाठी झोपण्याआधी एक फेरी, तीही वहिनींनी आपणहून अंगावर घेतली. गोळ्यांच्या बाबतीत ठरलं की डब्यात दहा दिवसांच्या उरल्या की बळीरामभाऊंनी मला फोन करायचा, संपल्यावर नाही.

याच काळात ज्या ओळखीच्या माणसाकडून पिल्लू घेतलं होतं, त्यानं राजा जोडीला मागितला. चांगले पैसे देत होता. मी नको म्हणालो. हा आजार पुढच्या पिल्लांत जाऊ शकतो. बळीरामभाऊंनी लगेच नकार कळवला.

निष्पत्ती

औषध नियमित झाल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी तपासली. नमुना माणसांच्या प्रयोगशाळेमार्फत मोठ्या शहरात गेला. दर मिलिलिटरला १९ मायक्रोग्रॅम आली. मान्य टप्पा १५ पासून सुरू होतो, पण २५ ते ३० च्या आसपास परिणाम चांगला दिसतो, आणि ३५ च्या वर यकृताची काळजी वाढते. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन गोळ्या केल्या, पुढच्या वेळी २७ आली.

पहिल्या तीन महिन्यांत कॅलेंडरवर तीन बोटं उमटली. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत चार. टिळा एकदाही नाही, एका दिवशी दोन बोटंही नाहीत. यकृताचं एक विकर, अल्कलाइन फॉस्फेटेज, वाढलेलं आहे. या औषधावर ते वाढतंच, बाकी चाचण्या ठीक आहेत. दर सहा महिन्यांनी रक्त बघतो. वजन साडेएकतीसवर गेलं होतं. भूक वाढल्यामुळे राजा दिवसभर तोंडाकडं बघत बसायचा आणि आजी विरघळायच्या. आता भाकर मोजून आणि मधल्या वेळी काकडी, गाजर. वजन २९ वर आलंय.

राजा बरा झालेला नाही. त्याला आयुष्यभर गोळ्या लागतील, आणि झटके पूर्ण थांबतील असं मी कधी म्हणालो नाही. चुलत्यांनी मध्यंतरी विचारलं, "मग उपेग काय झाला?" मी त्यांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी पानं उलटी-सुलटी करून बघितली आणि काही बोलले नाहीत.

आज वेगळं काय करेन

दुसऱ्या झटक्यानंतर थांबणार नाही. काढणी, सण, लग्नसराई हे आपल्याकडं कायमच असतं. त्या तीन आठवड्यांच्या सवलतीची किंमत राजानं दिवाळीच्या रात्री दिली.

पहिल्या चिठ्ठीबरोबरच तातडीचं औषध देईन. मला तेव्हा वाटलं, घरच्यांना सिरिंज जमणार नाही. नववीतल्या पोरीला दहा मिनिटांत जमली.

पहिले पंधरा दिवस कुत्रा कसा दिसेल, हे गोळी देणाऱ्या माणसाला शब्दाशब्दानं सांगेन: लडखडेल, खूप पिईल, ओसरीत लघवी करेल, आणि हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे, हाल नाहीत. आणि औषध ठरवण्याआधी विचारेन की सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला या घरात नक्की कोण असतं. आमच्याकडं पैसे देणारा एक, निर्णय घेणारा दुसरा आणि जनावराजवळ असणारा तिसराच, बहुतेक वेळा म्हातारं माणूस किंवा शाळकरी लेकरू. मी वीस वर्षं गाईच्या गाभण तपासणीत हे पाळतो, गोठा कोण बघतं ते आधी विचारतो. कुत्र्याच्या वेळी विसरलो.

एका गोष्टीवर मात्र मी अजून अडतो. चुलत्यांचा प्रश्न मी त्या दिवशी फार लवकर बाजूला सारला. महिन्याला आठ-दहा झटके येणारी, दोन औषधांनाही दाद न देणारी कुत्री असतात. राजाचं तसं झालं असतं तर तो प्रश्न पुन्हा ओसरीत आलाच असता. तेव्हा कोणत्या खुणांवर थांबायचं, हे सुरुवातीलाच शांतपणे बोलून ठेवायला हवं होतं. ते आम्ही मागच्या दिवाळीनंतर बोललो. आजी ऐकत होत्या, शेवटी म्हणाल्या, "खाणं-पिणं सोडलं अन् मला वळखलं नाही, तर सांगीन म्या."

गेल्या चैत्रात आजी महिनाभर जालन्याला लेकीकडं गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेकडून भाकरीचा गोळा दोनदा करून घेतला, सूर्याचा आणि दिव्याचा डबा ओळखायला लावला, आणि देव्हाऱ्यातला करंडा उचलून कॅलेंडरखालच्या कोनाड्यात ठेवला. परत आल्या तेव्हा त्या महिन्याच्या पानावर एकही बोट नव्हतं. तरी त्यांनी डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मुलीकडून मोजून घेतल्याच.